मागच्या दाराची कडी

उकुला पहिली सर्दी झाली ती मागच्या दारामुळेच, असं माझं ठाम मत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सात-आठ महिन्यांच्या मुलांना सर्दी व्हायचीच. पण त्या वोरूच्या गरम दवाखान्यात बसतात. आमच्या स्वयंपाकघरात बसल्या असत्या तर त्यांना कळलं असतं, चुलीकडची पाठ भाजते आणि घोट्यांना मात्र सुरीसारखा वारा लागतो. ते दार नुसतं लोटलेलं असायचं. बाहेर बर्फाचा दगड झालेला असला तरी.

मी कडी लावायची. बटाटे सोलून मागे वळून बघावं तर काढलेली.

घरात आम्ही तिघंच. मी, उकु आणि आल्वीने आजी. आजी माझ्या नवऱ्याची, राउनोची. नव्वदी ओलांडलेली, कानानं तल्लख, गुडघ्यांनी अधू. राउनो फिनलंडला बांधकामावर. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे. एस्टोनियातली निम्मी घरं असाच संसार करतात. सासरे, हेइनोबाबा, वोरूला फ्लॅटमध्ये एकटे राहायचे आणि शनिवारी लाकडं फोडायला, सौना, म्हणजे अंगणातली वाफेची न्हाणी, तापवायला यायचे.

मी तार्तूच्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकले आहे. सर्दी वाऱ्यानं होत नाही, विषाणूनं होते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते. पण तेव्हा मला मूल नव्हतं. आता मी झोपलेल्या मुलाच्या नाकाखाली बोट धरून बघणारी बाई आहे.

"राउनो, तुझ्या आजीला सांग ना, दार लावत जा म्हणावं," मी फोनवर म्हटलं.

पलीकडे ड्रिलचा आवाज थांबला. "त्या दाराचं तिच्याशी काही बोलू नकोस."

"का?"

"बोलू नकोस म्हटलं ना. बाबांना विचार."

बाबांना काही विचारायचं म्हणजे ते कुऱ्हाड चालवत असताना विचारावं. हात कामात असले की त्यांचं तोंड उघडतं. नाहीतर माणूस मुका. चाळीस वर्षं जंगलात गेली त्यांची, आधी हातकरवतीवर, मग मोठ्या यंत्रावर. त्या शनिवारी त्यांचा पारा रस्त्याकडेच्या नव्या तोडीमुळे चढला होता.

"बुंधे बघितलेस का त्यांचे? ही आजकालची पोरं! हिवाळ्यात बर्फावर उभं राहून कापतात, आणि उन्हाळ्यात बघावं तर कमरेएवढे बुंधे. जेवायला टेबल म्हणून वापरावेत. अरे, बर्फाखाली जमीन असते, हे काय आता सरकारनं कायदा करून सांगायचं यांना?"

मी हसले. उकु माझ्या कोटाच्या आत होता, फक्त टोपी बाहेर. मग मी दाराचं विचारलं.

त्यांनी ओंडका उभा केला, फोडला, दुसरा उभा केला.

"माझ्याआधी एक होता," ते म्हणाले. "एंडेल. तुझ्या ह्या उकुएवढा. एकोणपन्नास सालच्या मार्चमध्ये पहाटे रशियनांचे शिपाई आले आणि पुढच्या दाराशी गाडी लावली. आईचा पहिला नवरा त्याआधीच जंगलात मारला गेला होता, रशियनांशी लढताना. म्हणून ही डाकूची बायको आणि तो डाकूचा वंश. आठ महिन्यांचा डाकू! दात दोन." कुऱ्हाड पडली. "नुकता रांगायला लागला होता. आई धार काढायला मागच्या दारानं जायची, आणि हा रांगत जाऊन त्या दाराशी बसायचा, ती येईपर्यंत. जगातलं तेवढंच दार त्याला माहीत होतं."

"मग?"

"मग काय, सैबेरियाची आगगाडी, गुरांचा डबा. आईचं दूध आटलं. उरल पर्वताच्या अलीकडे कुठेतरी गेला तो. गाडी थांबली तेव्हा शिपायानं हात पुढे केले. नीट घेतलं म्हणे त्यानं, मानेखाली हात धरून, जिवंत पोराला घेतात तसं. स्टेशन कुठलं, माहीत नाही. पाटीवर बर्फ साचला होता."

मी उकुची टोपी सारखी केली. सारखीच होती ती.

हेइनोबाबा सैबेरियात जन्मले. त्यांचे वडील आजीला तिकडेच भेटले आणि तिकडेच पुरले गेले. आजी त्यांना घेऊन परत आली तेव्हा ह्या घरात सामुदायिक शेतीचं ऑफिस थाटलेलं होतं. माय-लेकांना शेजाऱ्यांच्या सौनात जागा मिळाली. आजीनं काय करावं, तर त्याच ऑफिसात झाडलोटीचं काम मागून घेतलं. स्वतःच्या घरात झाडूवाली झाली. रोज संध्याकाळी फरशी पुसायची आणि निघताना मागच्या दाराची कडी काढून ठेवायची. अध्यक्ष ओरडायचा, सरकारी मालमत्ता उघडी टाकतेस, तुला परत तिकडे पाठवायचं का? ती म्हणायची, "विसरले हो साहेब." दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरायची.

"मग देश परत आपला झाला," बाबा म्हणाले, "आणि घर परत मिळालं. पंचायतीच्या माणसानं टाय लावून पुढच्या दाराची किल्ली तिच्या हातात दिली. फोटो आहे. मागच्या दाराला किल्ली कधी नव्हतीच."

"आणि क्रूस?" मी विचारलं. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला हे नवीन होतं. माझ्या माहेरी, उत्तरेला, ही चाल नाही. इथे मेलेल्याला कबरस्तानात नेताना वाटेत पाइनच्या झाडांपाशी थांबतात आणि घरातला पुरुष एका बुंध्यावर क्रूस कोरतो. मेलेला माणूस कधी घराकडे निघालाच तर त्या झाडापर्यंत येतो, क्रूस बघतो, आपण मेलो आहोत हे त्याला आठवतं आणि तो मागे फिरतो. क्रूस असलेल्या झाडाला कुणी करवत लावत नाही. बाबांनी चाळीस वर्षांत एकदाही लावली नाही.

"तिकडे मेलेल्यांचे क्रूस गावानं मागाहून कोरले, स्वातंत्र्य आल्यावर. मीही चाकू घेऊन गेलो. माझ्या बापाचा कोरू दिला तिनं. मग मी म्हटलं, आता एंडेलचा. तिनं मनगट धरलं माझं. 'त्याचा नाही,' म्हणाली. 'तो यायचाय अजून.'"

त्यांनी कुऱ्हाड ओंडक्यात रुतवून ठेवली. "जा आत. पोराला गारठा लागेल."

त्यानंतर मी कडीला हात लावला नाही. पण मी आईही होतेच. जुनं घोंगडं गुंडाळून मी दाराच्या फटीशी ठेवलं. आजीनं काठीनं ते बाजूला सारलं.

"आजी, खालून वारा येतो हो. उकु जमिनीवर असतो."

"कळतं गं पोरी. पण रांगणाऱ्याला तेवढंही अडतं."

मी घोंगडं उचललं आणि उकुला लोकरीच्या पायमोज्यांची आणखी एक जोडी चढवली.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी आजी चुलीपाशी बसून राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा दुधात भिजवत होती. मी उकुला भरवताना पुटपुटत होते.

"काय शिकवतेस त्याला?"

"काही नाही. गाणं."

"मी बहिरी नाही. फिनिश आकडे आहेत ते. आठ महिन्यांच्या पोराला आकडे कशाला? स्वतःच पाठ करतेयस."

चमचा माझ्या हातात राहिला. राउनोनं तिकडे दोन खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं. इथे काय उरलं होतं? आमची पंचायत सरकारनं दुसऱ्या मोठ्या पंचायतीत मिसळून टाकली, मग शाळा गेली, मग दुकान, मग बस. उकुला ताप आला की मी रस्त्याकडे बघत बसायची, बर्फ काढणारी गाडी येऊन गेली का म्हणून. पण आजीला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती असेपर्यंत हलायचं नाही, असं आमचं ठरलं होतं.

"म्हणजे माझ्या मरणासाठी खोळंबलात," आजी म्हणाली. चेहरा अगदी मिश्कील. "घाई करते मी. रडू नकोस, दूध आटेल."

"आजी, तसं नाही हो..."

"तसंच आहे, आणि बरोबर आहे. पोराला नवऱ्याजवळ घेऊन जा." तिनं वाटी खाली ठेवली. "पण घर रिकामं राहील."

"बाबा येतील ना अधूनमधून."

"हेइनो शनिवारी येईल. एंडेल मंगळवारी आला तर?"

 ती दाराकडे बघत होती.

"बंद घरी आला पोर तर दाराशी बसून राहील. त्याला सवय आहे बसायची. कुणी येणार नाही, आणि तो बसूनच राहील. त्यापेक्षा वाटेतच कळलेलं बरं." मग दुकानातून मीठ आणायला सांगावं तशी म्हणाली, "त्याचा क्रूस कोरायला हवा. मी आहे तोवर. हेइनोला सांग."

"तुम्हीच सांगा ना."

"माझं ऐकून घेणार नाही तो. तुझं ऐकेल. तू शिकलेली आहेस."

मी सांगितलं. शनिवारी बाबा कुऱ्हाड टाकून ताडकन स्वयंपाकघरात आले, बुटांवर बर्फ तसाच.

"मी नाही कोरणार."

"बूट काढ आधी," आजी म्हणाली.

"सत्तर वर्षं! सत्तर वर्षं त्याच्यासाठी दार उघडं. तू ह्या घरात ऑफिसची फरशी पुसत असायचीस, आणि मी शाळेतून यायचो त्याच दारानं. तू वळून बघायचीस, आणि तोंड पडायचं तुझं. 'अगं बाई, तू होय,' म्हणायचीस. रोज, आई. लष्करातून दोन वर्षांनी आलो, तेव्हाही तेच. 'तू होय.' आणि आता मीच त्याला हाकलू? मला नको ते."

मी उकुला उचलून खोलीत जायला निघाले, पण आजीनं मला हातानंच थांबवलं.

"तू यायचासच रे," ती म्हणाली. "जो येतोच, त्याची वाट कशी बघणार?"

बाबा उभेच. बुटांखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"कधी?"

"त्या दिवशीच. ज्या दिवशी नेलं त्या दिवशी."

त्या वर्षी मार्च संपत आला तरी बर्फ हटत नव्हता. रस्त्याच्या दोन्ही कडांना यंत्रानं लोटलेल्या बर्फाचे बांध, वाळूनं मळलेले. त्या दिवशी वोरूच्या चौकात सैबेरियात नेलेल्यांच्या आठवणीत दुपारपासूनच मेणबत्त्या लावायला लोक जमणार होते, पंचायतीचे लोक भाषण करणार होते. आजी कधीच गेली नव्हती. "तिथे सगळ्यांसाठी लावतात," म्हणायची.

बाबांनी गाडी अंगणात गरम करून ठेवली. आजीनं काळा कोट घातला, डोक्याला काळा रुमाल बांधला, आणि पुढच्या दारानं न जाता मागच्या दाराशी गेली. दार सताड उघडलं. बर्फावरून आलेला उजेड थेट चुलीपर्यंत पोचला. माझं सगळं लक्ष उकुच्या उघड्या कानांकडे.

आजी वाकली. तिला वाकता येत नाही, खुर्चीतून उठायला माझा हात लागतो. तरी वाकली, आणि लोकरीची शाल जमिनीजवळ धरून म्हणाली, "चल रे राजा. आई आलीय."

शाल गुंडाळून तिनं छातीशी धरली. मग दार ओढून घेतलं आणि स्वतःच्या हातानं कडी लावली. तिच्या हाताला सवय नव्हती, कडी दोनदा निसटली.

गाडीत ती मागे, उकुच्या शेजारी बसली, शाल मांडीवर. उकु त्या शालीकडे बघून हसला. ह्या वयाची मुलं कशालाही हसतात, खिडकीला, दिव्याला, बटणाला. मला माहीत आहे. तरी मी वळून त्याची टोपी डोळ्यांपर्यंत खाली ओढली.

क्रूसांचं रान घरापासून फार लांब नाही. वळणावर जुनी पाइनची झाडं, कुणावर एक खूण, कुणावर पाच, काही इतकी जुनी की सालीनं गिळून टाकलेली. बाबांनी एक झाड निवडलं. आजीला आम्ही दोघांनी धरून बांधावर चढवलं. पाय गुडघ्यापर्यंत आत गेले. उकु माझ्या कोटात.

बाबांनी चाकू उघडला आणि छातीच्या उंचीवर साल तासायला हात उचलला.

"इतक्या वर नाही," आजी म्हणाली. "त्याला दिसायला नको का?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं.

"रांगतोय अजून तो, हेइनो."

वाऱ्यानं एका फांदीवरचा बर्फ खाली सांडला. बाबा गुडघ्यांवर बसले. बर्फाला लागूनच, वीतभर वर, त्यांनी साल काढली आणि क्रूस कोरायला घेतला. मोठ्या माणसांचे क्रूस दोन घावांत होतात. ह्याला वेळ लागला. लहान होता, हातभरही नाही, आणि बाबा कडा गुळगुळीत करत राहिले, जणू कुणाला कुसळ लागेल. आजीनं शाल उलगडून झाडाखाली झटकली. तिच्यात काही नव्हतं.

अशा वेळी व्होडकाचा एकेक घोट घेतात आणि थोडी झाडापाशी ओततात. बाबांनी खिशातून बाटली काढली.

"काय रे हे!" आजी म्हणाली. "बाळाला व्होडका देतोस?"

बाबा हसले. मी त्यांना तसं हसताना आणि त्याच वेळी डोळे पुसताना कधी बघितलं नव्हतं. आजीनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पिशवीकडे. उकुची बाटली होती तीत, मीच काढून भरलेलं दूध. माझा हात पिशवीवर घट्ट झाला. मेलेल्याच्या नावानं, माझ्या मुलाच्या वाटचं. नाही.

"राहू दे," आजी लगेच म्हणाली. "राहू दे, पोरी. बर्फही पांढराच आहे."

तेव्हा मी बाटली काढली. झाकण उघडून तिच्या हातात दिली. तिनं अगदी थोडं ओतलं, दोन घोट असतील. बर्फाला तिथे लहानसं भोक पडलं.

त्या संध्याकाळी आमचं स्वयंपाकघर पहिल्यांदा उबदार झालं. उकु जमिनीवर नुसत्या मोज्यांवर खेळला. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि आजी खुर्चीत बसून होती, दाराकडे पाठ करून. पावाचा तुकडा वाटीत भिजून विरघळून गेला.

त्यानंतर ती दिवसाही झोपू लागली. दुखत काही नव्हतं. डॉक्टरबाई आल्या, वय झालं म्हणाल्या. मी आता दोघांच्या नाकाखाली बोट धरून बघायची.

एप्रिलमध्ये बर्फ दोन-तीन दिवसांत गेला. ओढे फुगले, रस्त्यावर चिखल. मी उकुला ढकलगाडीत घालून वळणापर्यंत गेले. लांबूनच तो क्रूस दिसला, पांढरा, ताजा, कडेनं डिंक आलेला. माझ्या छातीच्या उंचीवर.

मी झाडापाशी उभी राहिले. बांध गेला होता. जिथे बाबा गुडघ्यांवर बसले होते, तिथे आता हवा होती. मोठ्या माणसाला तो चालता चालता दिसला असता. रांगणाऱ्याला तर तो दिसलाच नसता. वर मान करून बघायचं त्याला काय कारण?

आमची केवढी चूक, हे पहिल्यांदा मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं. कमरेएवढे बुंधे. जेवायला टेबल.

मी तिथूनच फोन लावला. "बाबा, बर्फ उतरला."

"उतरणारच."

"तो क्रूस फार वर आलाय."

 टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचा आवाज आला.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं," मी म्हटलं.

"चाळीस वर्षं झाडं कापली मी, केर्तू."

"मग आजीनं सांगितलं होतं तसं का नाही..."

"हात चालेना," ते म्हणाले. "मी लहानपणी त्याला फार शिव्या दिल्यात. तो कधी आला असता तर मी म्हणणार होतो, घे बाबा, ही तुझी खुर्ची, घे तुझी आई. बघू दे तिला एकदा तुला. आणि मीच खूण करून त्याला परत पाठवू?" मग म्हणाले, "तिला सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. पण आजीनं त्याच आठवड्यात विचारलं. मी तिचे केस विंचरत होते.

"वळणापर्यंत गेली होतीस ना? रस्त्यावरून दिसतो का गं?"

"दिसतो."

"खालीच आहे ना?"

मी फणीत अडकलेला केस सोडवत बसले. हो म्हणायला एवढा वेळ लागू नये. "हो," मी म्हटलं.

आजीनं मान वळवून बाहेर बघितलं. खिडकीबाहेर गवत अजून पिवळं, आडवं पडलेलं होतं. "त्या दिवशी बर्फ पुष्कळ होता," ती म्हणाली. आणि मग, स्वतःशीच, "हेइनोचं माप लहानपणापासून कधी चुकलं नाही."

संध्याकाळी उकुचे कपडे वाळत घालायला मागच्या दाराशी गेले तर कडी काढलेली. आणि आजीची खुर्ची दाराकडे फिरवलेली. ती कशी फिरवली तिनं, एकटीनं, मला अजून कळलेलं नाही. मी उकुला दुसरे पायमोजे घातले.

मेमध्ये, बर्ड-चेरीच्या झाडांचा पांढरा फुलोरा पडत असताना, ती त्याच खुर्चीत गेली. पाव दुधात भिजवलेला, अर्धा खाल्लेला. दार वाऱ्यानं हातभर उघडलं होतं.

अंत्ययात्रा वळणावर थांबली. शेजारची मेइनहार्ड काकांची माणसं, गावातल्या उरलेल्या म्हाताऱ्या, पाद्री, फिनलंडहून आलेला राउनो. बाबा चाकू घेऊन त्याच झाडापाशी गेले. मी त्यांच्या बाजूला सरकले आणि हळूच म्हटलं, "बाबा, तिचा क्रूस कोरला तर तिला घरी येता येणार नाही. मग दार उघडायला कोण?"

"माहीत आहे."

"मग?"

त्यांनी बोटानं लहान क्रूसाच्या कडेवरचा डिंक पुसला. "ती इथेच थांबेल," ते म्हणाले. "त्याला यायचं तर ह्याच वाटेनं यायला लागेल ना?"

आणि त्यांनी लहान क्रूसाच्या शेजारी, त्याच उंचीवर, मोठा क्रूस कोरला. दोन घावांत. व्होडका फिरली. मेइनहार्ड काका म्हणाले, "कुणाचा रे हा दुसरा, एवढा लहान?" बाबा म्हणाले, "माझ्या मोठ्या भावाचा."

ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. गाडीत खोकी, उकुचा पाळणा, आजीचं पावाचं लाकडी भांडं. उकु आता धरून धरून चालत होता. मी घरभर फिरून खिडक्या बघितल्या, चुलीची झडप बंद केली, वीज बंद केली, पुन्हा एकदा बघितली. शेवटी मागच्या दाराशी आले. उकु माझ्या आधीच तिथे पोचला होता, उंबऱ्यापाशी बसून दाराच्या फटीतून बाहेर बघत होता. मी त्याला उचललं आणि सवयीनं कडीला हात घातला.

बाबा अंगणात उभे होते. "काय करतेस?"

"वारा येतो हो आत," मी म्हटलं.

"रिकाम्या घरात कुणाला सर्दी होणार आहे?"

मी हात काढून घेतला. दार लोटलं, नुसतं लोटलं, आणि उकुला कडेवर घेऊन, अंगणाला वळसा घालून गाडीकडे गेले.